सव्वाशेत दोन एक्क्याण्णव

तोंड बंद ठेवणं मला या जन्मी जमलेलं नाही. लखनौच्या आमच्या विभागात शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे हे जाणून आहेत. आणि २०१४च्या जूनमध्ये मला नेमकं तेच करायचं होतं. हिमानीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती आणि मी तिची मार्गदर्शक. मार्गदर्शक मध्ये बोलली की परीक्षक तसा शेरा मारतात आणि मुलीला पुन्हा उभं राहावं लागतं. तोवर तिची पुण्याची नोकरी हातची गेली असती.

बाहेर तिची आई अनघाताई मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी घेऊन बसल्या होत्या. निकाल लागेपर्यंत पेटी उघडायची नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

परीक्षकही मराठीच. त्यांनी मध्येच तिला थांबवलं. "हिग्ज कणाचं वस्तुमान ऊर्जेत मोजलं तर सव्वाशे. त्यातून दोन झेड कण निघतात म्हणतेस. एक झेड एक्क्याण्णवचा, म्हणजे दोन मिळून एकशे ब्याऐंशी. वरची ऊर्जा आली कुठून, बेटी?"

हिमानीने खडू उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. अगं बोल की! एरवी माझं डोकं खातेस! परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मेली खिडकीबाहेर बघत बसले. पदराचा बोळा झाला होता हातात. जीव नुसता तुटत होता.

मग खडूचा आवाज आला. तिने फळ्यावर डोंगरासारखा एक आलेख काढला. "सर, इक्यानवे तो बस इसकी चोटी है." ही नागपूरकरांची पोर, लखनौत वाढलेली. मी मराठीत विचारावं आणि हिने हिंदीत उत्तर द्यावं, अशी आमची पाच वर्षं गेली. आताही तिने हिंदीतच समजावलं. झेड जन्मतो न जन्मतो तोच विरतो. इतकं कमी टिकणाऱ्याचं वस्तुमान एका आकड्यावर ठरलेलं नसतं. बहुतेक एक्क्याण्णवच्या आसपास, पण कधीमधी फार हलकंही. एक झेड एक्क्याण्णवचा निघाला, तर दुसऱ्याला चौतिसाच्या आतच भागवावं लागतं. असं क्वचित होतं, पण होतं.

"और ऊर्जा रत्ती भर इधर-उधर नहीं होती, सर. हर बार."

"म्हणजे माझा प्रश्नच चुकला?"

"नहीं सर. पहले साल मैंने भी यही पूछा था. मॅम बहुत चिल्लाई थीं."

परीक्षक खो खो हसले. त्यांनी सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, आता बोला. केव्हापासून गुदमरताय!"

मी तोंड उघडलं. शब्दच फुटेना. आनंदच एवढा झाला होता.

हिमानी जवळ आली, माझ्या मुठीतला पदर तिने हळूच सोडवला. "मॅम, आता तरी बोला ना," ती म्हणाली. चक्क मराठीत.

"जा," मी कसंबसं म्हटलं, "आईला सांग, पेटी उघडा म्हणावं."