माळ्यावरून दिसणारी वाट

या, अशा जवळ सरका. सप्त्यातलं कीर्तन आत्ताच संपलंय, पंगतीच्या भाकरी अजून तव्यावर आहेत, आणि रिकामं बसलं की आपलं तोंड शेजाऱ्याच्या घरात शिरतं. त्यापेक्षा गोष्ट ऐका. बुवा राजाराणीच्या सांगतात, ही आपल्या बिदरकडच्या मेहकरच्या बसवंतप्पाची आहे. हसू येईल तिथं हसा, पण बेतानं.

बसवंतप्पा म्हणजे कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेवर मिरची. वय सत्तरीच्या पुढं. पण कीर्तनात बसला की मेणासारखा मऊ. प्रल्हादाचं आख्यान लागलं आणि बाप लेकराला दोरानं बांधतो तिथं बुवा आले, की हा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचा. दर वर्षी, न चुकता.

घरात बायको लिंगम्मा. लेक एकच, मल्लेश्वरी. ही मल्ली कडगंचीच्या विद्यापीठात ग्रंथालयात नोकरीला, आणि तिची पोर पवित्रा नऊ वर्षांची. कडगंची म्हणजे काही काशी नव्हे, दोन-अडीच तासांची वाट. पण शाळेला सुट्टी लागली की मल्ली लेकीला घेऊन कधी गोकर्णाच्या समुद्रावर, कधी उटीच्या थंडीत, कधी म्हैसूरला. मेहकरला यायची ती सणावारी. सकाळी टेकायची, दिवस कलायच्या आत उठायची. सुट्टीत मुक्काम एकदाही नाही.

गाव गप बसतंय होय? पारावर कुणीतरी काडी टाकायचंच.

"बसवंतअप्पा, औंदा नात कुठं गेली म्हणं? लंकेला का?"

"जाऊ दे की. पाय हाईत, फिरायलेत," बसवंतप्पा वरवर हसायचा, आणि घरी येऊन लिंगम्मावर फुटायचा. "तुजी लेक मला कामून वाळीत टाकायलीय? काय कमी केलं मी? शिकिवली, चांगल्या घरी दिली. समुद्र काय तिचा मामा लागतोय का?"

लिंगम्मा चुलीत फुंकर घालायची. धूर गेला म्हणून डोळ्याला पदर लावायची.

औंदा दसऱ्याला त्यानं पंचांग उघडलं आणि उडालाच. येळवस, म्हणजे आपली मार्गशीर्षातली शेतातली अमावास्या, नाताळच्या सुट्टीत आलेली. त्यानं लगोलग फोन लावला. पवित्राच बोलली, "आज्जा, मला कोप बघायचाय. चित्रातला न्हाई, खराखुरा. आई म्हणली, दोन दिवस ऱ्हाऊ."

दोन दिवस! बसवंतप्पाच्या अंगात विशीतलं वारं शिरलं. शिवारात आता तूर नि हरभरा, जवारी कोण पेरतंय? पण कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांची खोपटी; पेंढ्यांशिवाय ती कसली, आणि उभ्या जवारीशिवाय येळवस कसली? त्यानं अर्धा एकर जवारी पेरली. मार्गशीर्षात कणसं हुरड्यात आली, तशी सगळ्या शिवारातली पाखरं तिच्यावर तुटून पडली. मग त्यानं पाखरं राखायला माळा बांधायला घेतला. चार बाभळीच्या मेढी, वर फळ्या, चढायला शिडी. नातीच्या हाताला बसेल अशी बारकी गोफणही विणली.

बांधाच्या पलीकडं चांगुणाबाई तूर बघत होती. बौद्धवाड्यातली. तीस-पस्तीस वर्षांचा बांधशेजार, त्यामुळं जिभेला लगाम नाही.

"अप्पा, शिवारातल्या समद्या पाखरांला आवतन धाडलास जनू!"

"नातीसाठी पेरली हाय. माळ्यावर बसून गोफण फिरवंल माझी वाघीण."

चांगुणाबाईचा हात थांबला. "माळा? त्याच लिंबाजवळ?"

"तीच जागा. वारं झकास लागतंय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग "बरं," म्हणाली आणि वळली.

येळवशीच्या सकाळी मल्लीची गाडी बांधापाशी थांबली. पवित्रा उडी मारून उतरली ती थेट कोपाकडं. पाच पेंढ्यांचा कोप, त्यावर लिंगम्माचं ठेवणीतलं हिरवं लुगडं, आत पूजेला चुन्यानं रंगवलेले पाच दगड. मागून मल्ली उतरली. तिची नजर लिंबाकडं गेली, माळ्यावर गेली, आणि हातातली पिशवी गळून पडली.

"पडली का? आता हातातलं बळ बी गेलं म्हण," बसवंतप्पा हसला. लिंगम्मानं वाकून पिशवी उचलली, लेकीच्या हातात दिली आणि तिचा हात क्षणभर धरून ठेवला.

पूजा झाली. बसवंतप्पानं अंबिलीचा मोगा, म्हणजे बारकं मडकं, घेतलं, पवित्राच्या हातात डहाळी दिली, आणि आजा-नात पिकावर अंबील शिंपडत शेताला फेरा घालून आली. पोरीच्या फ्रॉकवर अंबील, केसांत अंबील. मग कोपापुढं पंगत बसली. बाजरीचे उंडे, भाज्या-दाण्यांची भज्जी, गव्हाची खीर. त्या दिवशी रानात येईल त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नसतं. चांगुणाबाई हरभऱ्याचे ढाळे घेऊन आली, तिलाही बसवलं.

"आज्जा, संध्याकाळी काय?"

"संध्याकाळी ज्योत. पेटलेली पेंढी धरून शेताभवती पळायचं. औंदा तूच. तुझ्या आईला बी कदी दिली न्हाई, तुला देतो."

जेवणं झाल्यावर पवित्रा माळ्यावर चढली. गोफण उलटी फिरली, दगड मागं पडला, सगळे हसले. बसवंतप्पाचं पोट भरलेलं, उन्हं गोड, नात डोळ्यांपुढं. माणूस सुखात असला की जिभेचा कासरा सुटतो.

"पवी, तुझी आई लई आडमुठी बरं का. सहावीला हुती. शाळेची सहल जायलती बिदरला. किल्ला, आन मग झरणीच्या नरसिंहाला. छातीएवढ्या पाण्यातून चालत जाऊन देव बघायचा! ही म्हणती, जानार. मी म्हणलं, जवारी हुरड्यात आलीया, पाखरं काय तुझा मास्तर राखंल? तर उजाडायच्या आत पळाली की शाळंला! बसजवळून धरून आणली, ह्याच जागी माळ्यावर बसविली आन मेढीला दाव्यानं पायच बांधला." त्यानं मांडीवर थाप मारली. "वर बसून अशी बोंबलायली, अशी बोंबलायली, की पाखरं आपसूक उडाली. गोफणीला कामच न्हाई पडलं!"

तो हसला. एकटाच.

वरून पवित्रानं विचारलं, "मग आई झरणीला कधी गेली?"

"आँ?"

"नंतर कधी गेली?"

बसवंतप्पानं मल्लीकडं पाहिलं. "गेली आसंल की. कवा ना कवा."

"न्हाई गेले," मल्ली म्हणाली.

चांगुणाबाई ढाळा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सोडली कुनी, ते बी सांग की अप्पा."

"तू सोडलीस. आन तुझ्या तांब्यातलं पानी पाजलीस."

"लेकराचा घसा सुकलता. आन त्या पान्यापायी तू तिला घरी नेऊन बदडलास."

"इटाळ म्हणून मी दोन डाव न्हाऊ घातलं तिला," लिंगम्मा हळूच म्हणाली. "थंडीचं. ह्यांच्या भ्यानं."

बसवंतप्पाच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली. "तवाची रीतच तशी हुती. मी एकलाच हुतो का? पाखरांनी खाल्लं आसतं, तर वरीसभर काय दगड शिजविले आसते?"

"पीक राखायचं होतं, कळतंय मला," मल्ली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मार बी इसरले, अप्पा."

"मग काय धरून बसलीस?"

"तुमचं हसणं. दर सणाला, दर पाहुण्यापुढं हेच हसत सांगता. माझ्या लग्नात सासरच्या पंगतीत बी सांगितलात. एक डाव तरी न हसता सांगाल म्हणून मी वाट बघायलेय. आजपस्तोर." तिनं पदर झटकला. "सुट्टी लागली की माझा पाय आखडतोय. मग लेकीला घेऊन बस जाईल तिकडं जाते."

जवारीतून भोरड्यांचा थवा उठला आणि पुन्हा बसला. कुणी हाकललं नाही.

पवित्रा शिडीवरून खाली आली. गोफण तिनं नीट गुंडाळून आजाच्या पायाशी ठेवली. "आई, झरणी लांब हाय का?"

"दीड तास."

"मग चल की. आपण दोघी."

मल्लीनं सूर्याकडं पाहिलं. लिंगम्मा तर उठलीच होती. फडक्यात उंडे बांधत होती. "जावा. उजेडी पोचताल. लेकराला कोरडे कपडे हाईत न्हव?"

"आन ज्योत?" बसवंतप्पाचा आवाज चिरकला. "दोन दिवस म्हणली हुतीस. ज्योत कोन फिरवंल?"

मल्ली त्याच्या पायाशी वाकली. तो हात तिच्या डोक्याजवळ घेऊन थांबला. एक शब्द त्याच्या घशापर्यंत आला होता. देवाशपथ आला होता. पण सत्तर वर्षांत कधी न चघळलेला घास तो, गिळताही येईना नि थुंकताही येईना.

"गाडी सावकाश हाक," एवढंच तो म्हणाला.

गाडी गेली. चांगुणाबाईनं ढाळ्याची टरफलं पदरातून झटकली. "गोफण नेमकी लागली, अप्पा. पाखरू उडालं." आणि ती बांध ओलांडून गेली.

बसवंतप्पा तसाच उभा राहिला. मग का कुणास ठाऊक, शिडी धरून माळ्यावर चढला. उभ्या जन्मात त्यानं कितीक माळे बांधले, पण वर बसायचं काम कायम पोराबाळांचं. ह्या लिंबाजवळ तो आज पहिल्यांदाच वर बसला. आणि त्याला दिसलं.

खालून जवारीची भिंत दिसते. वरून सगळी वाट दिसते. शाळेपासून निघून, ओढ्यावरून, पार तळ्याच्या वळणापर्यंत. मल्लीची गाडी त्या वाटेवरून जात होती, बारकी होत होती, तरी दिसतच होती. खिडकीतून एक इवलासा हात बाहेर आला आणि हलला. त्या दिवशी सहलीच्या बसमधूनही हलले असतील. चाळीसेक हात. किती वेळ दिसली असेल ती बस!

दिवस बुडायला आला. खालून लिंगम्मानं हाक दिली, "अवो, उतरा. ज्योत पेटवायची हाय."

"लिंगे, इथून समदी वाट दिसती गं. वळणापस्तोर."

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्या दिशी पोर सोडल्यावर मागं ऱ्हायलेलं दावं आणाया मीच वर चढलते."

तो उतरला नाही. तिनंच पेंढी पेटवली, पदर खोचला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी एकटीच शेताभवती फेरा घालून आली.

झाली गोष्ट. तव्यावरची भाकर उतरलीय, उठा आता. पण एक मागणं आहे. पुढच्या येळवशीला कोपात नैवेद्य ठेवाल तेव्हा बसवंतप्पाची आठवण काढू नका; तो आपल्या घराघरांत बसलाय, कीर्तनात डोळे पुसतोय. त्या माळ्यावरच्या अकरा वर्षांच्या मल्लीची आठवण काढा. तिच्या नावानं अंबिलीचा एक घोट बाजूला ठेवा. लेकराचा घसा सुकलाय.