चिंचोक्याची खळ

“घोंगडीची खळ इमानाला? सारजाबाई, डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं?”

अन्वर पोट धरून हसला. माळावर मेंढरं राखणारी सारजाबाई हसली नाही. विमानाच्या पंखाच्या नव्या कापडाला तिनं नुकताच शेवटचा टाका घातला होता आणि ते किती सैल आहे ते बोटानं दाबून बघत होती.

“सायबाला कापड ताठ पायजे ना? मग इच्यार जा. माज्या म्हायारी चार माग हुते. कापड ताठ कसं करायचं ते मला कुणी शिकवाय नगो.”

मालेच्या माळावर ते विमान सकाळी उतरलं होतं, ते बोरीच्या जाळीत घुसूनच. ते चालवणाऱ्या साहेबाला साधं खरचटलंही नाही. पण डाव्या पंखाचं कापड दोन खाटांएवढं फाटलं, आणि कापड ताणून धरणाऱ्या रोगणाचा डबा फुटून सगळं रोगण मातीनं पिऊन टाकलं. पौडाच्या बाजारातला अन्वर कापडवाला लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, इंग्रजी बोलणारा आणि वाचणाराही. साहेबानं त्याला दुभाष्या म्हणून बोलावलं, कापडही त्याच्याकडूनच घेतलं. रोगण मात्र त्याच्या दुकानात कुठून असणार?

आणि साहेबाच्या पायाखाली तर विस्तव होता. मुंबई-पुण्याची टपाल विमानानं न्यायचं घाटत होतं, आणि विमानं कुणाची घ्यायची यावरून विलायतेतले नि जर्मनीतले कारखानदार हातघाईवर आले होते. जो आधी मुंबईला धडधाकट पोचेल त्याला बारा विमानांची मागणी. जर्मनांचं विमान सगळं पत्र्याचं. साहेबाचं लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. नशीब एवढंच, की जर्मनाच्या इंजिनाचा कसलासा भाग तुटून तो पुण्यात अडकला होता. उद्या सकाळी आठाला निघणार, अशी खबर होती.

अन्वरनं विचारलं. साहेब आधी खेकसला, मग म्हणाला, करू दे. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

“पैसं किती सांगू?” अन्वरनं विचारलं.

“पैसं नगोत. माज्या म्हसूला सोडवतो का इच्यार.”

म्हसू तिचा एकुलता एक. धरणाच्या पाण्याखाली चराई जाणार म्हटल्यावर त्यानं कामावरच्या मुकादमाचं डोकं फोडलं होतं. सात वर्षं येरवडा. चार भरली होती, तीन उरली होती. साहेबाचा मेहुणा पुण्यात बडा अंमलदार होता, हे अन्वरच्या तोंडून दुपारीच तिच्या कानावर आलं होतं. बाई अडाणी होती, पण कुठल्या वेळी काय मागावं हे तिला कळत होतं.

साहेबानं तिथल्या तिथं मेहुण्याच्या नावे चिठ्ठी लिहिली. अन्वरनं वाचून दाखवली. या बाईनं इंग्रजी विमानाची मोठी सेवा केली आहे, तिच्या मुलाची, म्हसू गेणबा याची, उरलेली शिक्षा माफ व्हावी. विमान उडायला निघालं की चिठ्ठी तिची.

सारजाबाईनं चिंचोके भाजले, फोडले, शिजवले, घोटले. कुंच्यानं तीन हात दिले. दिवस बुडता बुडता पंख असा ताठला की टिचकी मारली तर हलगीसारखा वाजला. साहेबानं तीनदा टिचकी मारली आणि तिन्ही वेळा हसला. अंधारात घाट ओलांडता येईना, म्हणून निघायचं सकाळी ठरलं. जाताना तिनं स्वतःची आणि म्हसूसाठी विणून ठेवलेली अशा दोन घोंगड्या पंखावर पसरल्या.

“दहिवरात भिजू देऊ नगो म्हनावं. काय बी झालं तरी ह्या काढायच्या न्हाईत.”

अन्वरनं ते सांगितलं, नाही असं नाही. पण साहेबाला मेंढराचा वास सोसेना. मेंढराच्या मटणाच्या दोन वाट्या रिचवताना बरा सोसला होता! तिची पाठ वळताच त्यानं दोन्ही घोंगड्या काढून फेकल्या.

पौषाचा महिना. खाली धरणाचं पाणी भरल्यापासून माळावर दहिवरही दुपटीनं पडायचं. तांबडं फुटताना सारजाबाई भाकरी घेऊन आली, तर गवत चिंब, बोरी चिंब, पंख चिंब. म्हसूची घोंगडी चाकाखाली घातलेली, वर काळ्या तेलाचा हा एवढा डाग.

“तुमी आत्ताच निघालाय?” ती म्हणाली. “मला वाटलं, दिस वर आल्यावर.”

“जर्मनाच्या आधी पोचायचं हाय. घ्या तुमची चिठ्ठी.” अन्वरनं ती तिच्या हातात दिलीच.

चिठ्ठी मुठीत धरून तिनं दुसऱ्या हातानं पंख दाबला. कापड मूठभर आत गेलं. खळ सुटली होती. तासाभराचं ऊन लागलं असतं तर पुन्हा ताठली असती, पण तासभर कोण थांबतो?

साहेब चढून बसला. सारजाबाई उभी राहिली. म्हसू मुठीत होता. गप्प बसायचं, एवढंच काम. पुढं घाटात काय व्हायचं ते होईल, कागद काही त्याच्याबरोबर पडणार नव्हता. कुणाला कळणार होतं? तिच्या मनात हे सगळं आलं. खोटं कशाला बोला, दोनदा आलं.

मग ती चाकापुढं जाऊन बसली.

“उडू नगं म्हनावं. खळ सुटली. मरंल.”

“अवं बाई, तुमाला कागद मिळाला न्हवं? उठा!” अन्वर कळवळून म्हणाला.

“माज्या हातची खळ हाय ती. तिच्या पायी मानूस मरायचं न्हाई.”

साहेब शिव्या देत उतरला. चाबूक असता तर ओढलाच असता. अन्वरनं बोट दाखवलं तसा त्यानं पंख दाबला आणि त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. तो एका धोंड्यावर बसून सूर्य वर यायची वाट बघू लागला.

सूर्य कासराभर वर आला. पंख वाळत आला होता. तेवढ्यात पुण्याकडून घरघर आली आणि पत्र्याचं विमान लखलखत त्यांच्या डोक्यावरून मुंबईकडं गेलं. पत्र्याला दहिवराचं काय सोयरसुतक!

साहेब उठला. सारजाबाईपुढं येऊन त्यानं हात पुढं केला. तिला वाटलं, जीव वाचवला म्हणून आणखी एखादी ओळ लिहून देत असेल. तिनं आपल्या हातानं चिठ्ठी त्याला दिली.

त्यानं तिचे चार तुकडे केले, मग आठ.

“साहेब म्हनतोय,” अन्वर मान खाली घालून म्हणाला, “बोली येळेवर उडायची हुती.”

“मी त्याचा जीव वाचीवला, सांग त्याला.”

“सांगितलं. म्हनतोय, ठावं हाय.”

पंख पुन्हा हलगीसारखा वाजायला लागला होता. विमान सुरेख उडालं, बोरीच्या वरून गेलं आणि दिसेनासं झालं. अन्वर गवतातून तुकडे वेचत राहिला.

“जोडून चालंल का रं?”

“न्हाई चालायचं.”

“मग म्हसूचं नाव कुटल्या तुकड्यावर हाय तेवढं दे.”

त्यानं शोधून दिला. तिनं तो पदराच्या गाठीत बांधला. मग म्हसूची घोंगडी झटकली आणि उन्हात कातळावर पसरली. मडक्यात थोडी खळ उरली होती. तिनं त्यात कुंचा बुडवला.

“आता ही खळ कशाला लावताय?” अन्वर म्हणाला.

“तीन हिवाळं हायेत अजून. तवर घोंगडी टिकाय नगो?”

आणि तेलाच्या डागावर तिनं कुंचा दोनदा फिरवला.