ईदनंतर सांगा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीला पालीसारखे चिकटून बसणारे ते सपाट टीव्ही वेगळे. मला चांगली भक्कम पाठ आहे, सुटलेलं पोट आहे, आणि मला हलवायचं म्हटलं तर दोन माणसांचा घाम निघतो. रहिमतपुरात शाहजादीचाचींच्या पुढच्या खोलीत, एका लाकडी टेबलावर माझा मुक्काम आहे. हल्ली मी बहुतेक वेळ बंदच असतो. असं का, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी पोटात तारा जोडल्या, कुणीतरी काच बसवली, आणि खोक्यात कोंबून मला साताऱ्याच्या एका दुकानात आणून टाकलं. तिथून मला चाचींच्या नवऱ्यानं, मौलाचाचांनी उचललं. चाचांचा गाद्या भरायचा धंदा. साताऱ्यात गाद्या पोचवून टेम्पो परत निघाला होता, त्यात उरलेल्या दोन गाद्यांच्या मधे त्यांनी मला बसवलं आणि ड्रायव्हरला दम भरला, "सावकाश चालव रं, काचेचं काम हाय!" घर येईपर्यंत मला एक हिसका बसला नाही. इतक्या लाडानं आलेला दुसरा टीव्ही माझ्या तरी ऐकिवात नाही.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. क्रिकेटचा सामना असला की पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. चाची चहा करून करून बेजार व्हायच्या आणि चाचा मात्र ऐटीत सांगायचे, "चित्र बघा कसं, आरशावानी!" मला काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू! मग ऋतू पालटावेत तसे दिवस पालटले. सपाट टीव्ही आले. लोकांच्या खिशात मोबाइल आले. मुलगा तौसीफ नोकरीला पुण्याला गेला. मौलाचाचा एका दुखण्यात गेले. घरात चाची आणि मी, दोघंच उरलो. तौसीफ आला की चाचींना म्हणायचा, हा डबा भंगारवाल्याला देऊन टाक, नवा आणतो. चाची म्हणायच्या, "चालतोय तवर चालू दे की. तुला काय खायला मागतोय का त्यो?"

खरं सांगायचं तर मला वाचवलं ते शेजारच्या विनोदिनीकाकूंनी.

काकूही एकट्याच. त्यांचा मुलगा निमिष सांगलीला असतो. त्यानं आईला माझ्या दुप्पट मोठा टीव्ही आणून दिला होता, तरी संध्याकाळी काकू यायच्या त्या माझ्याकडेच. "एकटीनं खुनाची गोष्ट बघवत नाही हो भाभी," त्या म्हणायच्या, "सारखं आपल्याच दाराकडं लक्ष जातं." चाची त्यांना वहिनी म्हणायच्या आणि त्या चाचींना भाभी. उभा जन्म भिंतीला भिंत लावून काढलेला, पण अहोजाहो काही सुटलं नाही.

त्या दोघी बघायच्या ती मालिका म्हणजे 'मागचं दार'. काय गुंता होता म्हणता! कुमुदिनी नावाची एक श्रीमंत बाई बंद घरात मेलेली सापडते. दार आतून लावलेलं. संशय सगळ्यांवर: दीर, भाचा, डॉक्टर, मोलकरीण, शिवाय दोन जुळ्या बहिणी. त्यात अर्धी गोष्ट आजची आणि अर्धी वीस वर्षांपूर्वीची, कोणती कधीची याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मी स्वतः दाखवत होतो, तरी माझंच डोकं गरगरायचं.

पण या दोघींनी आपसांत काम वाटून घेतलं होतं. काकूंच्या डोक्यात नाती पक्की. कोण कुणाचा साडू, कोण कुणाची सावत्र मावशी, हे त्या शेंगा सोलता सोलता सांगायच्या. चाचींचा जन्म गाद्यांच्या कापडात गेलेला. त्यांची नजर साड्यांवर आणि पडद्यांवर. "आवं वहिनी, ही साडी तिनं मागल्या टायमाला नेसली हुती, ही जुनी गोष्ट हाय!" असं त्या ओरडल्या की काकू टाळी द्यायच्या. एकटीला कुणालाच ती मालिका कळली नसती. दोघींना मिळून लख्ख कळायची. भांडायच्याही बरं का. काकूंचा संशय डॉक्टरवर होता, चाचींचा भाच्यावर. "त्या पोराचं डोळंच सांगत्यात," असं चाचींचं म्हणणं.

आणि एके दिवशी ऐन रंगात, ते मागचं दार करकरत उघडतंय, दारात कुणाचे तरी पाय दिसतायत, एवढ्यात पाटी झळकली: 'उत्तरार्ध लवकरच.' मालिका सुट्टीवर! दोघींनी चॅनेलवाल्यांना जे काय शिव्याशाप दिले, ते मी इथं सांगत नाही.

त्याच सुट्टीत निमिष येऊन काकूंना सांगलीला घेऊन गेला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. गाडीत बसताना काकूंनी चाचींचा हात धरला. "महिन्या-दीड महिन्यात येते भाभी. ते परत सुरू झालं तरी माझ्याशिवाय बघायचं नाही हं!"

"तुमच्याबिगर मला ती नाती कोण सांगणार?" चाची म्हणाल्या. "तुमी नीट चालत या म्हंजे झालं."

मग रमजानचा चंद्र दिसला. आमच्या घरची रीत अशी, की रमजानभर टीव्ही लावायचा नाही. चाचा होते तेव्हापासून, चंद्र दिसला की माझ्यावर पांढरी चादर पडते ती ईद झाल्यावरच निघते. चाचींनी मला पुसलं, चादर अंथरली, कडा नीट खोचल्या. एरवी तो महिना मला विश्रांतीचा वाटायचा. या वर्षी मात्र चादरीखाली मला फार एकटं वाटलं. घरात बोलणारं कुणीच नव्हतं. चाची एकट्या उठायच्या, एकट्या रोजा सोडायच्या. एकटीसाठी भांडं चढवायचा त्यांना कंटाळा यायचा, मग खजूर आणि पाण्यावरच भागायचं. आणि नेमकी त्याच महिन्यात 'मागचं दार' पुन्हा सुरू झाली होती.

संध्याकाळी रोजा सुटला की अधूनमधून काकूंचा फोन यायचा. चाचींना फोनवर ऐकू कमी येतं, म्हणून त्या फोन मोठ्यानं लावतात. चादरीखाली मला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं.

"भाभी, एक सांगायचं होतं," काकू म्हणाल्या.

"आवं न्हाई न्हाई!" चाची हसतच ओरडल्या. "रोजाचं दिवस हायत. खुनाखुनीचं एक अक्षर बोलायचं न्हाई. ईदनंतर सांगा."

काकूही हसल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन.

"भाभी, जरा ऐका ना, ते…"

"परत चालू झालं का तुमचं? त्यो डॉक्टर न्हाईतर भाचा, कुणी बी असू दे. मला काय सांगू नका, वहिनी. माझी मजा घालवाल!"

या वेळी काकू हसल्या नाहीत. तिसऱ्या फोनला त्यांचा आवाज कापत होता. मित्रांनो, आवाज ओळखणं हे माझं कामच. नाटकातलं रडू आणि खरं रडू मला बरोबर कळतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, चाची, ही बाई मालिकेचं बोलत नाहीये हो! पण लोकांचे आवाज काढण्यात माझा जन्म गेला, माझा स्वतःचा आवाज कुठे आहे? चाची म्हणाल्या, "ईदनंतर वहिनी, ईदनंतर. मग बसून सगळं सांगा." मग काकू म्हणाल्या, "बरं. ईदनंतर." त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले.

ईद झाली. तौसीफ सकाळी आला, नमाज झाली, शिरखुर्मा खाऊन तो संध्याकाळच्या गाडीनं परतही गेला. दर वर्षी शिरखुर्म्याचा पहिला डबा शेजारी जायचा. चाचींनी सवयीनं डबा भरला, दारापर्यंत गेल्या, कुलूप बघून परत आल्या आणि डबा माझ्या शेजारी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चादर निघाली, मी सुरू झालो आणि पहिलीच जाहिरात दिसली: रविवारी दुपारपासून 'मागचं दार'चे नवे सगळे भाग सलग! चाचींनी लगेच सांगलीला फोन लावला. निमिषनं उचलला. आई व्यायामाला गेलीये, आली की सांगतो, असं म्हणाला. चाचींनी निरोप ठेवला, "रविवारी आईला घिऊन ये रं बाबा. एका दिवसात सगळं बघून हुतंय!"

रविवारी चाचींनी शेंगा उकडल्या. काकूंची खुर्ची झटकली, गुडघ्याला बरं म्हणून पायाखाली उशी मांडली. बारा वाजले. मालिका सुरू झाली. काकू आल्या नाहीत. "येत्याल, वाटंत असत्याल," असं माझ्याकडे बघत चाची पुटपुटल्या.

पहिला भाग संपला. दुसरा लागला. भागांमागून भाग सरत गेले, उन्हं कलली. चाचींना साड्या कळत होत्या, पण माणसं कळत नव्हती. "ह्यो कोण वं वहिनी?" त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या आणि ओशाळल्या. मला इतकं वाईट वाटलं! एवढे नट, एवढे खून, एवढा गाजावाजा माझ्या पोटात, पण त्या बाईला 'हा डॉक्टरचा साडू' एवढं सांगणारं माणूस मी देऊ शकत नव्हतो.

तेवढ्यात शेजारचं कुलूप वाजलं. चाची धावतच बाहेर गेल्या. दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. निमिष आला होता. बरोबर टेम्पो होता आणि सामान उचलणारी माणसं.

"वहिनी कुठं हायत?"

"सांगलीलाच आहे आई." निमिष गोंधळला. "चाची, तुम्हाला माहीत नाही? घर विकलं आम्ही. जिना चढ-उतर तिला आता झेपणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आज उरलेलं सामान न्यायला आलोय. आई म्हणाली होती, भाभीला दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, मीच सांगणार. मला वाटलं, सांगितलं असेल."

चाची आत आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत, जमिनीवरच बसल्या. त्यांनी फोन लावला.

"वहिनी, घर विकलंसा?"

"विकलं हो भाभी."

"आन् मला सांगावं वाटलं न्हाई?"

"तुम्ही सांगू कुठं दिलंत?" काकू म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "तीनदा फोन केला. मग म्हटलं, सणाचं तोंड कशाला कडू करायचं. ईदनंतर मग धीरच झाला नाही."

"मला वाटलं, तुमी त्या मालिकंचं…"

"मी ती बघितलीच नाही हो. एक भागसुद्धा नाही. तुमच्याशिवाय बघायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

माझ्या पडद्यावर त्या वेळी कुमुदिनीचा दीर पोलिसांसमोर बसून घडाघडा बोलत होता. चाचींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"निमिष कागद घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, जरा थांब, भाभीला विचारते," काकू सांगत होत्या. "तुम्ही 'नका विकू' म्हणाला असता ना, तर मी सही केली नसती. जिना तर जिना. खालच्या खोलीत राहिले असते. तुम्ही होतात की शेजारी. पण तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."

पदर डोळ्यांना लावून चाची हुंदके देऊ लागल्या. "म्या म्हनलं असतं वं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "नका विकू म्हनलं असतं." पण आता त्याचा काय उपयोग? सही झाली होती. घर दुसऱ्याचं झालं होतं.

माझ्यावर शेवटचा भाग लागायच्या बेतात होता. कुमुदिनीला कुणी मारलं, ते दार कसं उघडलं, सगळा उलगडा होणार होता. चाची उठल्या. माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझं बटण बंद केलं. शेंगा फडक्यात बांधल्या. निमिषला हाक मारली, "थांब रं, मी बी येतीया." आणि काकूंच्या कपाटा-पलंगांबरोबर, टेम्पोत पुढं बसून त्या सांगलीला गेल्या.

दोन दिवसांनी परतल्या. शेजारी आता नवी माणसं आलीत. चांगली आहेत, पण त्यांच्या घरात सपाट टीव्ही आहे आणि त्यांचं दार लागलेलं असतं. संध्याकाळ झाली की चाची आधी मला बंद करतात आणि मग सांगलीला फोन लावतात. "हं, बोला वहिनी," म्हणतात आणि गप्प बसून ऐकतात. फोन संपला की त्या काकूंच्या खुर्चीवरून हात फिरवतात आणि आत जातात. एकटं वाटतंच. त्यांनाही, मलाही. काकू काही परत येणार नाहीत. आणि कुमुदिनीला कुणी मारलं, हे आम्हा तिघांना अजून ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पुसत जा, माझ्यावर पाण्याचा पेला ठेवू नका, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. मी वेगळंच मागतोय. माझे चुकलेले भाग पुन्हा लागतात. दुपारी लागतात, रविवारी लागतात. त्यांची काळजी करू नका. रमजानभर माझ्यावर चादर होती, मी गुमान बसून होतो, तरी त्या दोघींच्या मधे मीच आलो. कारण चाचींच्या डोक्यात मी चालूच होतो. म्हणून, घरातलं कुणी काही सांगायला आलं, तर मला बटणावरून बंद करा आणि डोक्यातूनही बंद करा. मग विचारा, "हं, काय सांगायचं होतं?" आणि समोरच्याचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नका.