एक वजा करून

आधी मोजून घेऊ. माझ्या अंगावर एकशे पन्नास सेंटिमीटर छापले होते. आज एकशे एकोणपन्नास उरले आहेत. एका टोकाला पितळी टोपी आहे, दुसऱ्या टोकाला नाही. अठ्ठावीसवर चहाचा डाग, सदुसष्टवर इस्त्रीचा चटका आणि टोपी नसलेल्या टोकाला लाल शाईचा एक बाण. एवढीच माझी मालमत्ता. मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कापडाच्या पट्टीवर पिवळा लेप चढला, त्यावर आकडे उमटले आणि दोन्ही टोकांना टोप्या दाबून बसवल्या गेल्या. तिथे दर शंभर टेपांमधली एक पोलादी पट्टीवर ठेवून तपासत. मी त्या तपासलेल्यांपैकी नव्हते. पण पुढे अकरा वर्षांत माझ्या मापाचा एकही कपडा उसवावा लागला नाही.

ही अकरा वर्षे मी एका शिवणारीच्या गळ्यात काढली. रस्त्याकडच्या खोलीत तिचे मशीन होते, भिंतीला उभा आरसा होता आणि दारापाशी गिऱ्हाइकांसाठी बाक. घरात नवरा आणि अकरावीत विज्ञान शिकणारी एकुलती एक मुलगी. शिवणारी मला खांद्यावरून ओढून घेई, माप घेई आणि आकडा मोठ्याने म्हणे. मुलगी तो मापवहीत लिही. "टेप खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं," असे शिवणारी म्हणायची. कंबर मोजताना पोट आत घेणाऱ्या बायकांना उद्देशून ते असे. मला ती स्तुती वाटे.

एकदा कापड कापता कापता कात्री माझ्या टोकावरून गेली. टोपी पडली, धागे सुटले. शिवणारीने मला टाकले नाही. तिने मला बरोबर पहिल्या रेघेवर सरळ कापले आणि मुलीला सांगितले, "आता हिची सुरुवात एकापासून. येईल त्यातून एक वजा करायचा." आठवडाभरात दोघींच्या बोटांना ती सवय झाली. घरात तिसऱ्या कोणाला हे सांगायची गरज पडली नाही.

मग शिवणारीला मोठा ताप आला. ती चाळीस दिवस अंथरुणात होती. ताप गेला आणि तीन महिन्यांनी केस गळू लागले. सकाळी उशीवर, दुपारी मशीनच्या पायट्यावर, संध्याकाळी मोरीच्या जाळीवर. उरले ते इतके विरळ आणि गुंतलेले होते की एके दिवशी तिने स्वतःच सगळे काढून टाकायला लावले. घरी येऊन तिने डोक्याला रुमाल बांधला आणि आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्यानंतर ती पुढच्या खोलीत आली नाही. मशीन मागच्या खोलीत गेले. कपडे दारातून मुलगी घेई. माप अंगावरून घेणे बंद झाले. जुना कपडा द्या, त्यावरून शिवून मिळेल, असे ठरले. दवाखान्यातल्या परिचारिकेने मापाला जुना गणवेश दिला. नवा तिला कमरेत सैल झाला, पण ती काही बोलली नाही. मी खिळ्याला टांगलेली होते.

"अगं, नाक शाबूत आहे ना तुझं?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे शिवणारीची नणंद, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. "मग तोंड कशाला लपवतेस?"

"लपवत नाहीये. मला काही वाटतच नाही, वन्सं."

ते खरे असावे. ती रडत नव्हती, चिडत नव्हती. जेवण पुढे आले की जेवे, नाही आले तर मागत नसे. मुलीने एका रविवारी विचारले, "आई, पुढे कधी बसणार?"

"पाच सेंटिमीटर झाले की."

"पाचच का?"

"कंगव्यात अडकतील तेवढे."

मुलीने मला खिळ्यावरून काढले. मापवहीत एक कोरे पान उघडले, वर 'आई' लिहिले. दर रविवारी सकाळी तीन ठिकाणी माप घ्यायचे: भोवरा, मान, डावे कानशील. माझे कापलेले टोक ती त्वचेला टेकवी, एक केस सरळ धरी, आकडा वाची आणि त्यातून एक वजा करून लिही. चौथ्या आठवड्याला भोवऱ्यावर एक पूर्णांक शून्य. आठव्याला दोन पूर्णांक एक. आत्या तिला 'मोजणीबाई' म्हणू लागली. "मोजून वाढत असते तर मी माझ्या भिशीचे पैसे रोज मोजले नसते का?" असे म्हणत नवव्या आठवड्यात तिने पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली. आत तिखट वासाचा अर्क होता. चिठ्ठीवर लिहिले होते: वाढ दुप्पट.

दहाव्या रविवारी मुलगी परीक्षेसाठी परगावी होती. म्हणून माप बाबांनी घेतले. बाबा वीजमीटर वाचायच्या नोकरीत होते. त्यांनी मला काळजीपूर्वक टेकवले, चष्मा कपाळावर सरकवला, आकडा दोनदा वाचला आणि वहीत लिहिला: भोवरा, तीन पूर्णांक सहा.

दोन आठवड्यांत दीड सेंटिमीटर! बाबांनी आत्याला फोन लावला. "ताई, तुझी बाटली लागू पडली बरं का."

मंगळवारी मुलगी परत आली आणि तिने वही पाहिली. तिचे बोट त्या आकड्यावर थांबले. ती मागे वळली, बाबांना काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात आत्या दुसरी बाटली घेऊन आली आणि प्रश्न राहून गेला. मला सांगता आले असते तर मी सांगितले असते. पण टेपेला फक्त आकडे असतात.

अर्क आता दिवसातून दोनदा लागू लागला. आधी गरम टॉवेल, मग अर्क, मग जोराने चोळणे. शिवणारी मान खाली घालून बसे.

अकराव्या रविवारी मुलीने मला भोवऱ्यावर टेकवले. तीन पूर्णांक आठ. एक वजा, दोन पूर्णांक आठ. तिने पुन्हा मोजले. तेवढेच. आठवडाभरात केस आठ मिलिमीटरने कमी झाले होते. मग ती डाव्या कानशिलाकडे वळली. तिथे रुपयाएवढी जागा लाल झाली होती, दोन फोड होते आणि मोजायला केस नव्हते.

"बाबा, तुम्ही एक वजा केला होता ना?"

"कसला एक?"

"टेप एकापासून सुरू होते, बाबा."

"मी आकडा दिसला तसा लिहिला," बाबा म्हणाले. "वजाबाकी ऑफिसात होते."

मुलीने आईला विचारले, "दुखत नव्हतं तुला?"

"भाजत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, वाढताना भाजत असेल."

त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेले. परिचारिकेने जागा धुऊन मलम लावले आणि रक्त काढून घेतले. रक्तात लोह कमी निघाले. डॉक्टरांनी वहीतले आकडे पाहिले आणि म्हणाले की यांची वाढ पहिल्यापासून ठीकच चालली होती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि त्यांना घाई कळत नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी घेऊन आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "बाटली मी आणली. आता मलाच वजा करा या घरातून."

"आत या," शिवणारी म्हणाली. "अंडी गार होतील."

बाबांनी लाल शाईची दौत शोधून काढली. माझ्या कापलेल्या टोकाला एक बाण काढला आणि तो सुकेपर्यंत मला हातात धरून बसले.

मित्रांनो, मी केसांची जाणकार नाही. पण वीस रविवार मी एका डोक्याला टेकत आले, म्हणून एवढे सांगते. केसांना वेळेवर जेवण लागते, झोप लागते, सौम्य हाताने धुणे लागते आणि रुंद दातांचा कंगवा लागतो. ओले केस ओढू नका. जे लावल्याने भाजते ते औषध नसते. भाजले तर गप्प बसू नका. आणि कोणी झटपट वाढीचा आकडा दाखवला तर तो कोणत्या टेपेने घेतला आणि टेपेची सुरुवात कुठून होते, ते आधी विचारा. मी खोटे बोलले नव्हते. पण कोणी मला विचारलेही नव्हते.

विसाव्या रविवारी मुलीने मोजले. भोवरा, पाच पूर्णांक एक. मान, पाच पूर्णांक शून्य. डावे कानशील, एक पूर्णांक सात.

"डावीकडचे अजून कमी आहेत," मुलगी म्हणाली. "थांबू या का? अजून तीन-चार महिने लागतील."

बाहेर दारावर थाप पडली. परिचारिका होती, हातात पांढरे कापड आणि मापाला द्यायचा जुना गणवेश. शिवणारीने मुलीच्या हातातून मला घेतले, गळ्यात टाकले आणि पुढच्या खोलीत गेली. आरसा दोन्ही हातांनी धरून तिने फिरवला. काचेवर धूळ होती. ती पुसायला काही मिळेना, तेव्हा डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याने काच पुसली.

"जुना कपडा नको," ती म्हणाली. "इकडे ये. हात वर कर. आणि पोट आत घेऊ नकोस."

मुलगी वही घेऊन बाकावर बसली. 'आई' लिहिलेले पान तिने उलटले.

"कंबर," शिवणारी मोठ्याने म्हणाली. "शहात्तर पूर्णांक पाच."

मुलीने लिहिले: पंचाहत्तर पूर्णांक पाच.