ताईचा नंदीबैल

मी संगणकावरचा एक प्रोग्रॅम बोलतोय. माझ्या पोटात सहा काळे चौकोन आहेत. प्रत्येकात एक एआय कारागीर एकाच वेळी कोड लिहीत असतो. कोण कामात आहे, कोण अडलाय, कोण परवानगी मागतोय, हे ताईला दाखवायचं, एवढीच माझी नोकरी. सहाही जण शहाणे, पण माझा जीव कायम टांगणीला लागलेला असतो.

ताई घरूनच काम करते. बाबा निवृत्त कंपाउंडर. त्यांच्या जुन्या दवाखान्यासाठी ती प्रोग्रॅम बनवत होती, आणि त्यात बावन्न रुग्णांच्या याद्या होत्या, प्रत्येकाची एक. कुणाला कुठलं औषध चालत नाही, ते बाबा वह्यांतून वाचायचे आणि ती टाइप करायची. दोन महिने लागले. मग वह्या रद्दीत गेल्या.

कारागीर पावलोपावली विचारतात, "हे करू का?" 'हो' दाबून दाबून ताई वैतागली. शेवटी तिने माझ्यातलं एक बटण चालू केलं, सगळ्याला आपोआप हो म्हणायचं. "आजपासून तू माझा नंदीबैल," ती हसून म्हणाली. बाबांची दुपारची झोप मोडू नये म्हणून काही बिघडलं की वाजणारी माझी घंटाही बंद केली.

एरवी ती कारागिरांना याद्यांची नक्कल द्यायची आणि काम झालं की ती पुसून टाकायची. त्या दुपारी घाईत तिने चौथ्याला थेट मूळ याद्यांवरच बसवलं. तो रेंगाळायला लागला. "आवर आता," असं लिहून ती चहा टाकायला गेली. तिला म्हणायचं होतं, लवकर संपव. तो समजला, पसारा आवर.

"ही यादी जुनी दिसतेय, पुसू का?" त्याने विचारलं. आणि मी म्हणालो, हो.

मग दुसरी, तिसरी, दहावी. दर वेळी तो विचारायचा आणि दर वेळी हो माझ्याच तोंडून जायचं. चौकोन लाल करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

त्याच खोलीत झोपलेले बाबा कुशीवर वळले. "अगं, तुझं ते लाल का झालंय?"

ताई धावत आली आणि तिने चौथा चौकोन बंद केला. बावन्नपैकी एकवीस याद्या उरल्या होत्या.

"बाबा, वह्या?"

"तूच म्हणालीस ना, आता कशाला हव्यात म्हणून?"

आता बाबा आठवून सांगतात, ताई पाचव्या चौकोनात लिहिते. या धावपळीत माझं बटण बंद करायचं मात्र राहूनच गेलंय.

"शिवणकामवाल्या बाईंना पेनिसिलिन चालत नाही," बाबा सांगतात आणि थांबतात. "त्यांना, की त्यांच्या बहिणीला?"

"आठवा ना, बाबा."

"त्यांनाच. बहुतेक."

ताई बाईंचं नाव लिहिते आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहते. पाचवा विचारतो, "यादी पक्की करू का?"

ताई, इकडे बघ गं. ते बटण बंद कर. मला फार भीती वाटतेय. बाबा अजून आठवतायत, आणि मी हो म्हणून बसलोय.