एका पेशीच्या घरातला पसारा

“अगं, बाळ झोपलं की तूही जरा आडवी हो,” नणंदेने बजावलं होतं. माझी मालकीण हसली. “वन्सं, मग हे घर कोण आवरणार? भुतं?”

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे, या बाईच्या मेंदूतली. तिच्या जन्माआधीपासून तिच्यासोबत आहे. कातडीतल्या पेशी येतात नि जातात. माझ्या जागी मात्र कुणी बदली येत नाही. म्हणून घर स्वच्छ ठेवणं मला भागच असतं. माझ्यात सतत प्रथिनं बनतात. घडी नीट बसली तर कामाची, विस्कटली तर अडगळ. मदतनीस प्रथिनं ती घडी पुन्हा घालून पाहतात. जी सुधारतच नाहीत, त्यांना खूण चिकटते. मग पिंपासारख्या एका यंत्रात त्यांचे तुकडे होतात आणि तुकड्यांतून नवी प्रथिनं बनतात. मालकीण कॉलेजात पहिली आली, तेव्हा शाबासकी तिला मिळाली आणि फुगले मी!

बाळ आलं, झोप गेली. ती झोपली की माझी आवराआवर नीट होते; आता माझ्यात अडगळ साचू लागली. पसारा फार झाला की आम्ही नवं काम थोपवून आधी आवरायला घेतो. पण नवी आठवण पक्की व्हायला नवी प्रथिनं लागतात, आणि माझे हात तर गुंतलेले.

त्या दुपारी तिने बाळाच्या बाटल्या उकळत ठेवल्या आणि दुपटी वाळत घालायला गॅलरीत गेली. गॅसवर काही आहे, हेच विसरली. पाणी आटलं, प्लास्टिक वितळलं. खोलीत काळा धूर भरला आणि बाळ खोकू लागलं, तेव्हा कुठे ती धावली. बाळाला उचलून तिने छातीशी घट्ट धरलं.

“कसला गं वास येतोय?” नवऱ्याने आल्या आल्या विचारलं.

“दूध उतू गेलं,” ती खाली मान घालून म्हणाली. जळकं पातेलं तिने कपाटामागे दडवलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटतं, आपण आई व्हायच्याच लायकीच्या नाही. अगं, दमले होते ती मी! पण हे तिला सांगायला मला तोंड कुठे आहे? बाळ सुखरूप आहे. ती मात्र आता धास्तीने डोळे मिटत नाही.

लोक येतात, बाळाचं नाक कुणासारखं यावर वाद घालतात नि निघून जातात. मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाकडे बाळ आलं असेल, तर आजच जाऊन या. बाळ गोडच असेल. आधी त्याच्या आईकडे बघा. “मी बरी आहे,” म्हणाली तरी लगेच निघू नका. बाळ तुमच्या मांडीवर घ्या आणि तिला गाढ झोप लागेपर्यंत तिथेच बसा.