दोन टोकांची नान

होलमुरोद मामाच्या गाडीला दारं चार, पण उघडायचं एकच, आणि ते मामाच्या बाजूचं. त्यामुळे नजाकत दुशान्ब्यात उतरली ती मामाच्या मांडीवरून सरपटत. आधी गादी, मग जर्दाळूंची पिशवी, मग ती. घाट चढताना इंजिन इतकं तापलं होतं की त्यावर मामानं म्हणे दोन अंडी उकडली. मामाला विचाराल तर तीन.

समोर पोरींचं होस्टेल होतं. पाच मजले, आणि पाचही मजल्यांवर ओले कपडे.

"मी इथं बसतो," मामा म्हणाला. "खाट मिळाली तर शीक. नाही मिळाली तर ऊन उतरायच्या आत परत निघायचं. शहरात तुला भाड्याची खोली घेऊन द्यायला मी काही मंत्री नाही."

"माहीत आहे, मामा."

परत म्हणजे कुठे, तेही तिला माहीत होतं. गावात एक नवरा तयार ठेवला होता. मेंढ्या दीडशे, दात अकरा. दरवर्षी मेंढ्या वाढायच्या आणि दात कमी व्हायचे, एवढीच काय ती त्याच्या संसाराची हालचाल. सतरा वर्षांच्या नजाकतनं त्याला एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा तो मेंढीशी बोलत होता.

आईला काळजी मात्र निराळीच होती. पहाटे उंबऱ्यावर आईनं तिच्यापुढे ताजी नान धरली. नजाकतनं एक घास तोडला. उरलेली नान आईनं भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. घर सोडणाऱ्यानं घास घ्यायचा, उरलेली वाट बघत राहते, आणि माणूस परतलं की ती त्यानंच संपवायची. तोवर तिला मुंगीसुद्धा लागत नाही. आमच्याकडच्या मुंग्यांनाही रीतभात आहे.

शेजारच्या खिळ्यावर आणखी एक नान होती, वर्षाची जुनी. ती बुनफ्शाची, नजाकतच्या थोरल्या बहिणीची.

बुनफ्शा याच होस्टेलात राहायची. फेब्रुवारीत सुट्टीला गावी निघाली तेव्हा खोलीतल्या मैत्रिणींनीही तिला एक नान चावायला लावली, परत येशील ना म्हणून. भाड्याच्या गाडीत पाच जण बसले. घाटात डोंगरानं खांदा झटकला. एवढा बर्फ आला की खालच्या गावात तीन दिवस उजाडलंच नाही म्हणतात, लोक सकाळची न्याहारी दिव्यावर करत होते. मे महिन्यात बर्फ वितळला, गाडी सापडली. गाडीत माणसं चार होती. बुनफ्शा नव्हती.

मुल्ला मयताची नमाज पढायला आला तर आईनं त्याला पळी घेऊन अंगणाबाहेर काढलं. "तिची नान माझ्या भिंतीवर आहे, तिकडच्याही भिंतीवर आहे," म्हणाली. "दोन्ही टोकांना पोरगी बांधलेली आहे. एक टोक सुटेल तेव्हा ये."

आणि आज निघताना नजाकतचा दंड धरून म्हणाली होती, "तिच्या खोलीत जा. नान आहे ना बघ. कुणाला हात लावू देऊ नकोस."

होस्टेलची व्यवस्था सफरमोह मावशीकडे होती. ही बाई इतकी रुंद, की ती जिना उतरायला लागली की चढणाऱ्या पोरी उलट्या पावली वरच्या मजल्यावर जायच्या. टेबलामागे बसून ती सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"नाव?"

"नजाकत."

मावशीनं वहीत बोट फिरवलं. "नाहीस."

"मला कॉलेजात घेतलंय. हा कागद."

"कॉलेज सगळ्यांनाच घेतं, त्याला काय खाटा लागतात? तुझ्यापुढं एकतीस पोरी आहेत. त्यातल्या दोघी काल माझ्या पाया पडल्या, आणि एकीनं कोंबडी आणली."

"माझी बहीण इथं होती, मावशी. बुनफ्शा."

मावशीच्या ओठावर बी तशीच राहिली. तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"त्रेचाळीस नंबरवाली?"

"हो."

"तिची खाट आहे अजून."

"मग मला द्या ना."

"आहे म्हटलं, रिकामी आहे म्हटलं नाही. वहीत तिचं नाव आहे, भिंतीवर तिची नान आहे. मी दोनदा पोरी पाठवल्या तिथं. पहिली सकाळी येऊन म्हणते, गादी ओली आहे, मावशी, खाली बर्फ आहे. दुसरी तर सकाळपर्यंत थांबलीच नाही. तिच्या चपला हव्यात का तुला? जिन्याखाली पडल्यात." मावशीनं बी थुंकली. "मेल्याचा कागद आण, मी नाव खोडते. पण खोडलं की खाट जाते त्या एकतीस जणींकडे."

"कागद नाही. ती सापडलीच नाही."

"मग ती येईपर्यंत खाट तिची." मावशीनं वही मिटली. आवाज जरा खाली आणला. "ती आली तर काही प्रश्नच नाही. आली असती तर मी वहीसुद्धा उघडली नसती. जा वर, तिचं सामान तरी घेऊन जा."

नजाकत चार मजले चढली. त्रेचाळीस नंबरात दोघी होत्या. खिडकीत उंच, हाडकुळी खोसियत, आणि खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेली पारवोना.

खोसियतनं दारातच ओळखलं. "ये. नाक तेच आहे की. तुमच्याकडे एकच साचा का गं?"

"मी तिचं सामान न्यायला आलेय."

"नेशील. आधी बस. चहा घे."

तिसरी खाट भिंतीकडेला होती. चादर ताणून घातलेली, उशीवर घडी केलेला रुमाल. वर खिळ्याला, पातळ फडक्यात, नान. नजाकतनं फडकं बाजूला केलं. कडेला चावा होता आणि चाव्याच्या मधोमध एक छोटी फट होती, तिथली नान तुटलीच नव्हती. बुनफ्शाचा पुढचा दात अर्धा होता. तो नजाकतनंच पाडला होता, सहा वर्षांची असताना, जर्दाळूला दगड मारताना. तेव्हा बुनफ्शानं घरी सांगितलं होतं की मी पडले.

"खाट मिळाली का?" पारवोनानं विचारलं.

"नाही. मामा खाली थांबलाय. परत न्यायला."

"परत नेऊन काय करणार?"

"लग्न."

"कुणाशी?"

"मेंढ्यांशी," नजाकत म्हणाली. खोसियत हसली, मग हसू तिच्या तोंडावर नुसतंच राहून गेलं.

खालून हॉर्न वाजला. मामाच्या गाडीचा तेवढाच एक अवयव धडधाकट होता. तो वाजला की म्हणे बाजारातली गाढवं उत्तर द्यायची.

खोसियत उठली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "संपव ती."

"काय?"

"नान. मावशीचं डोकं वहीत नाही गं, नानमध्ये आहे. नान संपली म्हणजे माणूस आलं. नाव तेच, खाट तीच, कुणाला कागद नको की कोंबडी नको. एकाच आईचं दूध प्यालात ना दोघी?"

"वेडी झालीस का?" पारवोना म्हणाली. "आणि ती आली तर? येऊन काय खाईल ती?"

"सात महिने मीही हेच म्हणतेय. म्हणत म्हणत रोज ती चादर झटकतेय." खोसियतनं पारवोनाकडे पाहिलंच नाही. "नजाकत, मी तुला ढकलत नाही. पण तो भोंगा वाजतोय, आणि मला दुसरी वाट दिसत नाही. तुला दिसत असेल तर सांग."

नजाकतला आईचा हात दंडावर जाणवत होता. दोन्ही टोकांना बांधलेली, आई म्हणाली होती. नजाकतनं घाट आजच पाहिला होता. रस्त्याकडेला पाण्याचे ओहोळ, गवत, दोन बकऱ्या. तिथं कुणी बांधलेलं नव्हतं.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

तिनं नान खिळ्यावरून काढली.

ती काही तुटेना. दगड बरा, दगडाला चीर तरी असते. खोसियतनं वाडग्यात चहा ओतला, पारवोनानं खाटेच्या लोखंडी कडेवर आपटून तिचे तुकडे केले, आणि रडत रडतच एकेक नजाकतच्या हातात दिला. चाव्याचा तुकडा नजाकतनं आधी घेतला. फटीवरून जीभ फिरवली. मग चहात बुडवला आणि खाल्ला. चव धुळीची होती, थोडी खोसियतच्या केसांच्या तेलाची.

अर्धी झाली तेव्हा दारात अंधार झाला. सफरमोह मावशी उभी होती, चार मजले चढून धापा टाकत. काखेत वही. दाराला टेकून बघत राहिली. मेल्याच्या घरी पुरुष अंगणात उभे राहतात ना, तशी. नजाकत चावत होती. हिरडीतून रक्त आलं, तेही चहाबरोबर गिळलं. शेवटी तळहातावरचा चुराही चाटला, कारण नानचा कण जमिनीवर पडू देत नाहीत.

मावशीनं वही उघडली.

"बुनफ्शा."

नजाकतनं भिंतीकडे पाहिलं. खिळा मोकळा होता.

"बुनफ्शा," मावशी पुन्हा म्हणाली, जरा मऊ आवाजात. "तिसऱ्यांदा नाही हाक मारायची मी."

"हजर."

"कॉलेजात तू कुणीही अस. या दारातून आत आलीस की हेच नाव. पाणी भरायच्या पाळीला हेच, पत्र आलं तरी हेच. दुसऱ्या नावाला ओ दिलीस तर खाट त्या एकतीस जणींची." मावशीनं वहीत बरोबरची खूण केली. मग हात पुढे करून नजाकतच्या हनुवटीवरचा कण टिपला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. "उशीर केलास गं, पोरी."

गादी आणायला नजाकत खाली गेली. मामा बॉनेटवर बसून जर्दाळू खात होता.

"मिळाली?"

"मिळाली."

"मग तोंड असं का? मेंढ्यांची आठवण येते का?"

इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. "तुझी आई," तो म्हणाला. "सकाळपासून सहावा." आणि फोन तिच्या हातात दिला.

"पोचलीस?" आई म्हणाली.

"हो, आई."

"नान आहे ना तिथं?"

दाढेत एक कण अडकला होता. नजाकतनं तो जिभेनं काढला. उंदरांनी खाल्ली म्हणता आलं असतं. आहे म्हणता आलं असतं. पायरीवर सफरमोह मावशी येऊन उभी राहिली होती, दार भरून.

"संपली, आई."

"कुणी संपवली?"

"बुनफ्शानं."

मामाचा हात पिशवीतच थांबला.

आई रडली नाही, हसलीही नाही. तिकडे तिवई सरकवल्याचा आवाज झाला. मग खिळ्यावरून काहीतरी उतरवल्याचा.

"दे तिला," आई म्हणाली.

नजाकतनं फोन कानापासून दूर धरला. मामाकडे पाहिलं. मामा गाडीच्या न उघडणाऱ्या दाराकडे बघत होता. बुनफ्शाचा आवाज जाड होता, कायम सर्दी झाल्यासारखा, आणि तुटक्या दातातून शब्द जरा निसटायचे. नजाकतनं घसा खाकरला.

"आई."

"आलीस?"

"आले."

"एवढा वेळ लावलास."

"रस्ता बंद होता."

"पूर्ण खाल्लीस ना? तुकडा टाकला नाहीस ना?"

"नाही."

"बरं." आईला धाप लागली होती. "तुझी इथली काढून ठेवली, फडक्यात. आणि ऐक. धाकटी आली आहे तिथं. तिला थंडी सोसत नाही, अंगावर मी तुला दिलेली गोधडी घालत जा. सांगत नाही ती काही, आपणच विचारावं लागतं."

"विचारेन."

"तिला सांग, तिची नान इथं टांगली आहे."

"सांगते," ती म्हणाली.